स्थानिक, श्रेणी दोन

ओसाकाहून आलेले एक निवृत्त दंतवैद्य आमच्या जुन्या घराच्या पायरीवर बसून माझ्या आईसाठी रडत होते आणि मी त्यांच्या डोक्यावर छत्री धरून उभा होतो. एप्रिलची दुपार होती. सोलापुरात एप्रिलच्या दुपारी रस्त्यावर कोणी रडत नाही, कारण घाम कुठला आणि अश्रू कुठले ते बघणाऱ्याला कळत नाही आणि मेहनत वाया जाते. पण त्यांचं व्यवस्थित कळत होतं.

"त्या इथं बसायच्या," ते म्हणाले. त्यांच्या गळ्यातला यंत्र-दुभाषा ते मराठीत सांगत होता. "मांडीवर सूप. सुपात तेंदूची पानं आणि तंबाखू. विड्या वळता वळता मान वर न करता विचारायच्या, जेवलास का."

"हो," मी म्हणालो.

"तुम्ही ओळखत होता त्यांना?"

"थोडंफार."

त्यांनी माझा हात हातात घेतला. मी छत्री दुसऱ्या हातात घेतली. कामाच्या वेळेत छत्री खाली ठेवायची नाही असा नियम आहे.

माझं नाव वेणुगोपाल म्याकल. वय एकोणतीस. गळ्यातल्या ओळखपत्रावर हुद्दा छापलाय: 'स्थानिक, श्रेणी दोन'. श्रेणी एक मिळायला घराण्याच्या चार पिढ्या एकाच गावात जन्मलेल्या लागतात. माझे पणजोबा तेलंगणातून हातमागावर बसायला सोलापुरात आले ते जरा उशिरा आले. त्या उशिराचा फटका मला अजून बसतो.

कंपनीचं नाव 'ओळख'. लोकांना शहरं बघायचा कंटाळा आला, तिथून तिचा जन्म झाला. किल्ला, देऊळ, तलाव बघून झालं की लोक विचारायचे, इथली माणसं कुठं जातात? मग कोणीतरी 'फक्त स्थानिकांना माहीत असलेली दहा ठिकाणं' अशी यादी टाकायचा. पुढच्या रविवारी तिथं रांग लागायची आणि स्थानिक अकराव्या ठिकाणी पळायचे. शेवटी एका संशोधक बाईंच्या लक्षात आलं की स्थानिक माणसाकडे गुप्त ठिकाणं नसतातच. त्याच्याकडे सवयी असतात. त्या यादीत लिहिता येत नाहीत, पण मेंदूतून वाचता येतात.

मेंदूच्या आत, साधारण कानाच्या उंचीवर, हिप्पोकॅम्पस नावाचा करंगळीएवढा भाग असतो. त्यात जागा ओळखणाऱ्या पेशी असतात. एक पेशी पिठाच्या गिरणीपाशी पेटते, दुसरी शाळेच्या फाटकापाशी. या पेशी मिळून आपल्या गावाचा नकाशा होतो. नकाशा फोनमध्येही असतो, पण माणसाच्या नकाशावर प्रत्येक जागेला चव लागलेली असते. इथं बरं वाटतं, इथं छाती धडधडते, इथं उगीच भूक लागते. ही चवच कंपनीला हवी होती.

ती काढायची पद्धत सोपी आहे. आठवण काढली की ती काही मिनिटं मऊ पडते, भिजवलेल्या कणकेसारखी, आणि मग पुन्हा घट्ट होते. स्थानिकानं डोक्याला पट्टी बांधून आपल्या गावातून फिरायचं. आठवण मऊ पडली की पट्टी तिचा ठसा घेते. तोच ठसा दुसऱ्या पट्टीतून पाहुण्याच्या मेंदूत सौम्य चुंबकी धक्क्यांनी उमटवला की त्याला अनोळखी गल्ली आपली वाटायला लागते. पाहुण्यानं पट्टी काढली की ते उतरतं.

स्थानिकाचं उतरत नाही. ठसा घेतल्यावर आठवण पुन्हा घट्ट होते, पण चव ठशाबरोबर निघून जाते. माहिती राहते. करारात हे अट क्रमांक सतरामध्ये स्पष्ट लिहिलं होतं: 'किंचित सपाटपणा येऊ शकतो. बहुतेकांना आवडतो.'

मी चौदा महिने पूर्व भागाचे ठसे दिले. पायरीचा ठसा गेल्या मार्चमध्ये दिला. त्याच्या आदल्या दिवशीपर्यंत तिथून जाताना मला तंबाखूचा वास यायचा. दुसऱ्या दिवशी ती पायरी होती. दगडाची. तीन फूट लांब, एक फूट उंच, डावीकडे टवका उडालेला.

वाईट वाटायला हवं होतं, एवढं लक्षात आलं.

---

धंदा चांगला चालला. थोड्या अडचणी आल्या, त्या माझ्या मेंदूच्या.

पहिली अडचण 'पूर्वी' या शब्दाची. आमच्याकडे पत्ता सांगताना जे आता नाही त्यावरून सांगतात. पूर्वी विजयालक्ष्मी टॉकीज होती तिथं डावीकडे वळा, पूर्वी आड होता तिथून सरळ. टॉकीज माझ्या बारशाच्या आधी पडली, तरी मी कायम टॉकीजपाशीच वळत आलो. त्यामुळे पाहुणे एका मंगल कार्यालयाच्या पार्किंगपाशी येऊन वर बघायचे आणि म्हणायचे, आज कुठला सिनेमा लागलाय? लखनौच्या एका कुटुंबानं तिकिटाची खिडकी शोधता शोधता कोणाच्या तरी लग्नात जेवून घेतलं. त्यांनी पाच तारे दिले.

दुसरी अडचण कलेक्टर. हे एका कुत्र्याचं नाव. मी दुसरीत असताना ते मला पिठाच्या गिरणीपुढं चावलं आणि मी चौथीत असताना मेलं. शब्बीर रिक्षावाला पाहुण्यांना स्टेशनवरून आणायचा. रोज संध्याकाळी तो मला गाठायचा.

"काय बे वेण्या, आज तुझ्या माणसांनी परत गिरणीपुढं रस्ता ओलांडला. बावीस जण. एकदम पळत. कुत्रं कुठंय बे तिथं?"

"नाहीये."

"मग मी पण का ओलांडतोय बे आता?"

तिसरी अडचण तीन वाजताची. तीनला कापडगिरणीचा भोंगा व्हायचा आणि अम्मा त्यावर चहा टाकायची. भोंगा मी जन्मायच्या आधीच बंद पडला होता, अम्मानं चहा बंद केला नाही. त्यामुळे बरोबर तीनला जगातले सगळे पाहुणे जिथं असतील तिथं थांबून चहा मागायचे.

चौथी अडचण संगणकाची. आमच्यात निघताना 'जातो' म्हणत नाहीत, 'येतो' म्हणतात. पाहुणेही पट्टी काढायच्या आधी सगळ्यांना 'येतो' म्हणायचे. बंगळुरूत बसवलेल्या संगणकानं त्याचा सरळ अर्थ घेतला आणि प्रत्येकासाठी दुसऱ्या दिवशीची जागा राखून ठेवायला सुरुवात केली. सहा आठवडे सोलापूर हे देशातलं सर्वांत जास्त परतभेटी होणारं शहर होतं. कंपनीनं ढाल दिली. चूक कळल्यावर ढाल परत मागितली नाही, कारण मागण्याचं पत्र कोणत्या विभागानं लिहायचं ते ठरलं नाही. संगणकही कोणी दुरुस्त केला नाही.

पाचवी अडचण आहे हे मला माहीत होतं. मी कोणाला सांगितलं नव्हतं. ती त्या दंतवैद्यांच्या दिवशीच स्वतः कचेरीत आली, हातात कापडी पिशवी घेऊन.

---

"वेण्या," ती म्हणाली.

माझी बहीण. पद्मा, मी तिला अक्का म्हणतो, म्हणजे म्हणायचो. सहा वर्षांत आम्ही बोललो नव्हतो. तिचं घर माझ्या खोलीपासून चालत सात मिनिटांवर आहे. मी तिथवर मधला रस्ता टाळून पिठाच्या गिरणीवरून जायचो, म्हणून अकरा.

आमच्या व्यवस्थापक कारखानीस मॅडम पुण्याच्या आहेत. त्यांनी अक्काला खुर्ची दिली आणि "बोला ताई" म्हणाल्या.

"माझं घर घड्याळवाल्याच्या बोळात आहे," अक्का म्हणाली. "पूर्वी तिथं घड्याळवाला होता. मी कडक भाकरी करते. तुमचे पाहुणे पूर्व भागात सगळीकडे फिरतात. गटार बघतात, गटाराचे फोटो काढतात. माझ्या बोळाच्या तोंडाशी येतात, आणि असं करतात."

तिनं मान डावीकडे वळवून हनुवटी जरा वर केली. ती माझी मान होती. फारच हुबेहूब होती.

"भाकरी खपत नाही का तुमची?" मॅडमनी विचारलं.

"भाकरी खपते. ती गाडीनं बाहेर जाते." अक्कानं पिशवी टेबलावर ठेवली. आत कडक भाकरी असणार, कारण तसा आवाज झाला. "मी दारात बसून भाजते. समोर बोळाचं तोंड दिसतं. एक हा होता सहा वर्षं तोंड फिरवणारा, तेवढं पुरे होतं. आता रोज दोनशे लोक येतात. परवा एक गोरी बाई होती, कडेवर बाळ. त्या बाळानं पण केलं."

"बाळांना पट्टी देत नाही आम्ही," मॅडम म्हणाल्या.

"मग ते आईचं बघून शिकलं असेल."

मॅडमनी भिंतीवर नकाशा लावला. पाहुण्यांच्या चालण्याच्या लाल रेघांनी पूर्व भाग भरून गेला होता. मधोमध बोटभर पांढरी जागा होती. रेघा तिच्या कडेपर्यंत येऊन वळल्या होत्या, कारण बाजूच्या रस्त्याच्या ठशात माझं वळणं आलं होतं.

"इथं काय आहे वेणुगोपाल?"

"बोळ."

"ते दिसतंय. याचा ठसा का नाही?"

अक्कानंच सांगितलं. आवाज न चढवता, वीजबिलाची तक्रार सांगावी तसं.

सहा वर्षांपूर्वी अम्मा तिच्याकडे आजारी होती. मी पुण्यात नोकरीच्या मुलाखतींना गेलो होतो. तीन फेऱ्या होत्या. अम्मा मंगळवारी दुपारी गेली. अक्कानं मला बुधवारी संध्याकाळी फोन केला, तिसरी फेरी झाल्यावर. मी आलो तेव्हा सगळं उरकलं होतं. मी उंबऱ्याच्या आत पाऊल ठेवलं नाही. बाहेरूनच बोललो, आणि वळताना 'जातो' म्हणालो.

"'जातो' म्हणाला," अक्का मॅडमना म्हणाली. "दाराशी. घरात सुतक असताना."

मॅडमना त्याचं गांभीर्य लगेच कळलं नाही. कळलं तेव्हा त्यांनी पाण्याचा ग्लास अक्काकडे सरकवला.

ती नोकरी मला मिळाली होती. अकरा महिने टिकली. मग ते काम एक संगणक करायला लागला आणि निरोपाच्या वेळी त्यांनी मला एक कुंडी दिली.

"उपाय सोपा आहे," मॅडम म्हणाल्या. "पट्टी बांधून बोळात एक फेरी. दहा मिनिटांचं काम. वेणुगोपाल?"

"विचार करून सांगतो."

दोघींनी माझ्याकडे पाहिलं. चौदा महिन्यांत मी पहिल्यांदा हे वाक्य बोललो होतो.

---

अक्का बाहेर शब्बीरच्या रिक्षाच्या सावलीत थांबली होती. मी तिच्याजवळ गेलो, कारण पिशवी तिची आतच राहिली होती.

"विचार कसला करायचाय तुला?"

मी सांगायचं ठरवलं. सांगायला लाज वाटली नाही. लाज शाळेच्या फाटकापाशी होती, तिचा ठसा जूनमध्येच गेला होता.

"अक्का, बाकी सगळं गेलंय. पायरी गेली. शाळा गेली. आपण जत्रेत हरवलो होतो ती जागा गेली. मी तिथं उभा राहतो, मला सगळं आठवतं, काहीच होत नाही. पण तुझ्या बोळाच्या तोंडाशी अजून होतं. पोटात. मी रोज एकदा येतो तिथवर. दुखऱ्या दातावरून जीभ फिरवावी तसं. बघतो, आणि वळतो."

"काय होतं पोटात?"

"राग येतो."

"माझा?"

"हो."

"अजून?"

"तेवढाच उरलाय."

अक्कानं रिक्षाच्या चाकावरची धूळ बोटानं पुसली.

"मग ठेव की राग," ती म्हणाली. "मी मागितला का तो? पण गावभर कशाला वाटलास? घरातलं घरात नसतं ठेवता आलं?"

तेव्हाच ओसाकाचे दंतवैद्य, फेरीनंतर मी त्यांच्याकडे दिलेली छत्री परत करायला आले. त्यांची गाडी पाचची होती. त्यांनी पट्टी काढलेली होती, त्यामुळे ते पुन्हा सभ्य अनोळखी गृहस्थ झाले होते. दातावरचं वाक्य त्यांच्या दुभाष्यानं टिपलं असावं, कारण ते थांबले.

"मी चाळीस वर्षं दातांतल्या नसा काढल्या," ते म्हणाले. "नस काढली तरी दात राहतो. त्यानं चावता येतं. वर्षानुवर्षं टिकतो. फक्त तो आपला आहे हे तोंडाला कळत नाही."

"वाईट आहे हे?" मी विचारलं.

"चावता येतं," ते पुन्हा म्हणाले. त्यांनी कमरेत वाकून नमस्कार केला आणि शब्बीरच्या रिक्षात बसले. पिठाच्या गिरणीपाशी रिक्षानं रस्ता ओलांडलेला आम्हाला दिसला.

---

शुक्रवारी अडीच वाजता मी पट्टी बांधून घड्याळवाल्याच्या बोळाच्या तोंडाशी उभा राहिलो. पट्टीवर निळा दिवा असतो. ठसा पूर्ण झाला की तो हिरवा होतो.

अक्का घ्यायला आली होती. आम्ही आत गेलो. बोळ बावीस पावलांचा आहे. मी मोजली, कारण कामात मोजायची सवय लागते. तिसऱ्याच पावलाला पोटातलं ते उठलं आणि दहाव्याला घशाशी आलं. मला इतकं बरं वाटलं की मी भिंतीला हात लावून उभा राहिलो.

"चक्कर येतेय?"

"नाही. येऊ दे."

या वेळी मी उंबरा ओलांडला. आत खिडकीशी एक खाट होती. तिच्यावर भाकरीच्या चळती रचल्या होत्या, कापडानं झाकून.

"इथं?"

"इथंच. अम्मा सकाळपासून सारखी वेळ विचारत होती. वेण्याची दुसरी फेरी किती वाजता, आता किती वाजले. मी म्हटलं, बोलावते त्याला. माझा हात धरला. म्हणाली, तो अर्धवट सोडून आला तर मी तुझ्याशी बोलणार नाही." अक्का भाकरीवरचं कापड सारखं करत होती. "मग म्हणाली, तीन वाजले का? चहा टाक. मी टाकला. उकळी यायच्या आत गेली. नंतर मला वाटलं, ती म्हणाली होती ना, फेऱ्या पुऱ्या होऊ देत. मी पुऱ्या होऊ दिल्या. बरोबर की चूक, मला अजून कळलेलं नाही."

मी खाटेच्या कडेवर बसलो. दोन भाकऱ्या मोडल्या. मग सहा वर्षांचं सगळं एकदम आलं. राग आला, आणि त्याच्या खाली काय दाबलेलं होतं तेही आलं. तंबाखूचा वास आला. मला माझ्याच रडण्याचा आवाज ऐकू आला, आणि तो चांगला होता. मला तो सोडायचा नव्हता. मी दोन्ही हात पट्टीकडे नेले. दिवा निळाच होता, समोरच्या ताटाच्या पत्र्यात दिसत होता. आता काढली असती तर हे सगळं माझं राहिलं असतं.

खिडकीतून बोळाचं तोंड दिसत होतं. तिथं सात पाहुणे आले. एकामागून एक. पहिल्यानं मान डावीकडे वळवली आणि हनुवटी जरा वर केली. मग दुसऱ्यानं. मग एका म्हाताऱ्या बाईनं, काठी टेकत. मी अक्काकडे वळलो. ती दाराच्या फळीआड सरकली होती. तिला ते कळलंही नव्हतं. पाऊस आला की वाळवण आत घ्यावं, तशी ती आपली आपण आत झाली होती.

मी हात खाली घेतले.

ताटातला दिवा हिरवा झाला. खाट होती. लोखंडी, सहा फूट, चार पट्ट्यांची. मी डोळे पुसले, कारण ओले होते.

"झालं?" अक्कानं विचारलं.

"झालं."

"काय वाटतंय?"

"दोन भाकऱ्या मोडल्या, त्याचं सांग किती झालं."

तिनं माझ्याकडे पाहिलं आणि चहाचं आधण उतरवलं. मी घेतला नाही. ड्यूटी होती.

---

जूनपासून पाहुणे बोळात जायला लागले. कारखानीस मॅडमनी पेढे वाटले. महिन्यानं अक्काचा फोन आला.

"अरे, हे लोक माझी माफी मागतात."

"कोण?"

"सगळे. रोज चाळीस-पन्नास. आत येतात, खाटेपाशी उभे राहतात, रडतात आणि म्हणतात, अक्का, चुकलं. गुजरातीत, बंगालीत, कुठल्या कुठल्या भाषेत. काल एक सहा फुटी सरदारजी माझ्या पाया पडले. मी कुणाला नाही म्हणू? तुझे दाजी म्हणतात, दारावर पाटी लावू, 'माफ केले आहे'."

"लावा."

"तू नाही मागितलीस अजून."

"मला काही वाटत नाहीये अक्का."

"माहितीये," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

स्वतःचा ठसा स्वतःला लावायला बंदी आहे, अट क्रमांक अठरा. मी सुट्टीच्या दिवशी शब्बीरच्या नावानं एक जागा घेतली आणि पट्टी बांधून निघालो. पार्किंगपाशी वर बघितलं, तर टॉकीज हवी होती आणि नव्हती. गिरणीपाशी पळत रस्ता ओलांडला; कलेक्टरची मला भयंकर भीती वाटली, मजा आली. पायरीवर बसायला रांग होती. माझा नंबर आला तेव्हा मागची बाई म्हणाली, लवकर आटपा, आमचीही आई आहे.

बोळात मी सहावा होतो. पुढचे पाच एकेक करून चुकलं म्हणाले. अक्का परातीत पीठ मळत 'बरं, बरं' म्हणत होती, मान वर न करता. माझी पाळी आली. माझ्या छातीत माझंच काहीतरी फुटत होतं आणि मला ते सांगायचंच होतं.

"अक्का, चुकलं."

तिनं आवाज ओळखला. हात पिठातच थांबले.

"पट्टी काढ आधी," ती म्हणाली. "मग बोल."

मी काढली. सगळं खाली बसलं, दुधाची उकळी बसावी तसं. समोर एक बाई होती, वय अडतीस, हाताला पीठ. माझी बहीण आहे हे मला माहीत होतं. मागे तीन पाहुणे ताटकळत होते.

"चुकलं," मी म्हणालो.

"काही वाटतंय?"

"नाही."

"काहीच?"

"नाही. पण चुकलं. सहा वर्षं मी चुकलो."

अक्कानं मनगटानं कपाळ पुसलं. कपाळाला पीठ लागलं.

"चालेल," ती म्हणाली. "बस. चहा टाकते."

तीन वाजले होते. मी बसलो. चहा घेतला, कारण ड्यूटी नव्हती. चांगला होता, साखर थोडी जास्त. पाहुण्यांनाही तिनं दिला. एक जण रडत होता, त्या वेळेचे पैसे त्यानं भरले होते.

निघताना मी उंबऱ्यापाशी थांबलो. वाक्य मला माहीत होतं.

"येतो, अक्का."

"ये."

हातातल्या पट्टीतून टिंग आवाज आला, आणि पट्टी बाईच्या आवाजात म्हणाली, आपल्यासाठी उद्या दुपारी तीनची जागा राखून ठेवली आहे.

ती रद्द कशी करायची ते मला माहीत आहे. कचेरीत ते काम माझंच आहे. मी पट्टी तशीच पिशवीत टाकली आणि बोळातून बाहेर पडलो, मधल्या रस्त्यानं. सात मिनिटं लागली.